तांडेलीण काकीचे निरोगी डोळे

बोलताना तांडेलीण काकी समोरच्याच्या डोळ्यांवरून नजर हलवत नसे. समोर गिऱ्हाईक असो, हवालदार असो की गावचे पंच असोत, तिच्यासाठी सगळे सारखेच. भावावरून घासाघीस करणारी माणसं थोड्या वेळाने आपणच नजर सोडवून टोपलीतल्या बोंबलांकडे पाहू लागत. मग ती म्हणे, "माल खाली आहे, पण भाव वर ठरतोय. इकडे बघून बोल." डहाणूच्या खाडीकडे ज्यांनी कधी सुकी मासळी घेतली असेल, त्यांना अशी एखादी बाई आठवेलच. ठेंगणी, उन्हाने रापलेली, गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, आणि उभं राहण्याची पद्धत अशी की रस्ता तिच्यासाठी वळला पाहिजे.

माझं घर जवळच्या कैनाड गावचं, भातशेतीचं. शिकून मी डोळे तपासण्याच्या कामाला लागले आणि डहाणू रोडला एका लहानशा नेत्र रुग्णालयात नोकरी धरली. तिथल्या डॉक्टर, आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो, एका गोष्टीने हैराण होत्या. डोळे चुरचुरतात, कोरडे पडतात अशी तक्रार घेऊन रोज माणसं येत. अश्रू कमी आहेत की नाही हे पाहायला कागदाची एक बारीक पट्टी खालच्या पापणीत अडकवतात, पाच मिनिटं थांबतात आणि पट्टी कुठपर्यंत ओली झाली ते मोजतात. पण ओलं किती झालं म्हणजे ठीक, हे पुस्तकात पाहायचं. मॅडम म्हणायच्या, "पुस्तकातली माणसं खाऱ्या वाऱ्यात मासे वाळवत नाहीत, चुलीपुढे बसत नाहीत. आपल्याकडचा निरोगी डोळा किती पाणी करतो हे आपल्याला ठाऊकच नाही. मग कोरडा कोणाला म्हणायचं?" तेव्हा डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतल्या, डोळ्यांना काहीही त्रास नसलेल्या माणसांचे अश्रू मोजायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं.

काम ऐकायला सोपं होतं. बंदरावर मच्छीमारांच्या सभागृहात टेबल-खुर्ची मांडून बसले, तर कोणी येईना. डोळा दुखत असेल तर माणूस येतो, चष्मा फुकट मिळणार असेल तर येतो. काहीच होत नसताना डोळ्यात कागद घालून घ्यायला कोण येणार? दुपारपर्यंत मी एकटीच बसले होते. तेवढ्यात एक बाई दारात टोपली टेकवून उभी राहिली.

"काय विकतेस गं बाय?"

"विकत नाही काही. डोळे तपासते."

"कोणाचे?"

"ज्यांचे डोळे चांगले आहेत त्यांचे."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चांगल्याला तपासून काय करणार? बिघडवणार?"

मी समजावलं. अश्रू, पट्टी, मोजणी, सगळं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, टोपली डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "माझ्या डोळ्याचं पाणी इथं आधीच खूप लोकांनी मोजलंय." आणि गेली.

हीच तांडेलीण काकी. तिच्या त्या बोलण्याचा अर्थ मला सभागृह झाडायला येणाऱ्या बाईने सांगितला. तांडेल म्हणजे होडी चालवणारा मुख्य माणूस. काकीचा नवरा तांडेल होता, होडीही त्याचीच. वर्षभरापूर्वी समुद्रात जाळं ओढताना त्याच्या छातीत कळ आली आणि तो होडीवरच गेला. खलाश्यांनी होडी तशीच परत आणली. किनाऱ्यावर गाव जमलं, बायकांनी आकांत मांडला. काकीने नवऱ्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, त्याचे डोळे मिटले, आणि उठून खलाश्यांना म्हणाली, "मासळीवर बर्फ टाका. उतरवून घ्या सगळी." डोळ्यांतून टिपूस नाही. त्या दिवशीही नाही, दहाव्या-बाराव्यालाही नाही. तेव्हापासून बंदरावर एकच बोलणं होतं: बाई आहे की दगड? त्यात तिने होडी विकली नाही, दिराच्या हवालीही केली नाही. नवा तांडेल पगारावर ठेवला आणि हिशेब, डिझेल, बर्फ सगळं स्वतः पाहू लागली. दीर तिला चिडवायला 'तांडेलीण' म्हणू लागला. तिने ते नाव उचललं. "हाक मार, ऐकू येतं मला," असं त्यालाच म्हणाली म्हणे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी सभागृहाचं दार उघडते आहे तोच ती आली. टोपली नव्हती. बरोबर तिची धाकटी जाऊ होती, कमल. म्हणजे त्या दिराचीच बायको. कमल दाराशीच पदर तोंडाला लावून उभी राहिली. काकी सरळ येऊन खुर्चीत बसली.

"मोज," ती म्हणाली.

"काकी, काय झालं?"

"काल दिराने पंचांपुढे विषय काढला. म्हणाला, नवऱ्यासाठी जिच्या डोळ्यातून पाणी आलं नाही तिचा त्याच्या होडीवर हक्क कसला? आज पुन्हा बसणार आहेत. मला आधी बघायचंय, पाणी आहे का नाही."

तिला फसवायचं नव्हतं. "काकी, आधीच सांगते. डोळा किती पाणी करतो तेवढंच ही पट्टी सांगते. दुःख किती आहे ते नाही सांगत."

"ते तुला विचारलंय कोणी?"

नेहमीचे प्रश्न विचारले. डोळ्याचं ऑपरेशन? नाही. गोळ्या, औषधं? नाही. खाज, लाली, चुरचुर? "धुरात बसलं की सगळ्यांना होते तेवढी." मी पंखा बंद केला, खिडकी लावली. दोन पट्ट्यांची टोकं दुमडून तिच्या दोन्ही डोळ्यांच्या खालच्या पापण्यांत बाहेरच्या कोपऱ्याशी अडकवली. तिला म्हटलं, डोळे मिटून बसा, चालेल. ती म्हणाली, "उघडेच ठेवते." आणि तशीच, दोन्ही डोळ्यांतून कागद लोंबत असताना, माझ्याकडे पाहत बसली. पापणी लवायची तेवढीच.

पट्ट्यांवर ओल उतरायला लागली. पहिल्यांदा वाटलं कागदाला सावली पडली आहे. मग ती सावली सरकताना दिसू लागली. कमल दारातून कधी आत आली ते कळलं नाही. ती काकीच्या गुडघ्याशी बसून वर पाहत होती. वेळ संपली तेव्हा दोन्ही पट्ट्या जवळजवळ तळापर्यंत भिजल्या होत्या.

मी त्या काढून त्यांच्यावरच्या खुणांवरून ओल मोजली. काकीने हात पुढे केला. मी त्या तिच्या तळहातावर ठेवल्या.

"हे सगळं माझं?"

"तुमचंच."

"म्हणजे डोळा चांगला आहे."

"अगदी चांगला आहे. निरोगी."

तेव्हा तिने माझ्यावरची नजर काढून बंद खिडकीकडे नेली. मग हळू आवाजात म्हणाली, "लोकांचं मी ऐकत नाही गं. पण मलाच भीती वाटायला लागली होती. तो गेला त्या दिवसापासून आलंच नाही. वाटलं, आटलं की काय."

"त्या दिवशी का नाही आलं?" हे कमलने विचारलं. इतक्या साधेपणाने विचारलं की त्यात टोमणा नव्हता.

"त्या दिवशी खलाशी माझ्या तोंडाकडे बघत होते. मी बसले असते तर तेही बसले असते. मासळी कुजली असती. त्यांच्याही घरी चूल आहे." तिने तळहातावरच्या पट्ट्या सरळ केल्या. "आणि नंतर, जो येईल तो माझ्या डोळ्यात बघायचा, आलं का, आलं का. असं कोणी बघत बसलं तर येतं का?"

कमल उठून दुसऱ्या खुर्चीत बसली. "माझं पण मोजा," ती मला म्हणाली. ही तीच कमल, जी किनाऱ्यावर सगळ्यांत मोठ्याने रडली होती आणि रडता रडता जिला भोवळ आली होती. तिच्या पट्ट्या भिजल्या, पण काकीच्या निम्म्यापर्यंतच. एकीचं दुसरीला मी सांगणार नव्हते, पण कमलने स्वतःच पट्टी उचलून काकीच्या पट्टीशेजारी धरली आणि तिचा चेहरा पडला.

"माझं कमी आलं. म्हणजे मला काही झालंय?"

मी म्हटलं, "काही नाही झालं. निरोगी डोळ्यांतही फरक असतो. कोणाचा जास्त भिजवतो, कोणाचा कमी. तुमचंही ठीकच आहे."

काकीने तिच्या हातातल्या पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. "कमी नाही. तुझं तुझ्यापुरतं आहे. चल, भात टाकायचाय."

त्या संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर जे झालं तेव्हा मी तिथे नव्हते. पण बंदरावरच्या बऱ्याच जणींकडून ते ऐकलं आणि सगळ्यांचं सांगणं जुळत होतं. दिराने तोच मुद्दा पुन्हा मांडला. पंचांनी काकीला विचारलं, तुझं काय म्हणणं? काकी उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या डोळ्यात पाणी आहे. आजच मोजून आले. ते कोणापुढे काढायचं आणि कधी काढायचं ते मी ठरवणार. त्यासाठी सभा भरवायची नाही. होडीचं म्हणाल तर भरतीला ती बाहेर पडणार आहे. खलाशी तयार आहेत."

दीर हसला. "कागदाचा तुकडा घालून आली आणि म्हणे मोजून आले."

तेव्हा बायकांमधून कमल उठली. नवऱ्यासमोर, पंचांसमोर ती पहिल्यांदाच बोलत होती. म्हणाली, "मी पण घातला होता. माझं वहिनीपेक्षा कमी भरलं. मी सगळ्यांत जास्त रडले होते ना? मग होडी मला द्या आणि पाणी वहिनीचं म्हणा, असं करणार का? रडण्यावर होड्या वाटायच्या असतील तर सगळ्या गावाचं मोजून घ्या."

ओट्यावर कोणीतरी हसलं, मग आणखी काही जण हसले. पंचांतल्या म्हाताऱ्याने घसा खाकरला आणि म्हणाला, होडी जिच्या नावावर चालते आहे तिच्याकडे चालू दे. सभा उठली. कमलचा नवरा काही दिवस घरात बोलला नाही. कमल म्हणायची, "बरं झालं, तेवढीच शांतता."

त्यानंतर माझ्या खुर्चीसमोर रांग लागली. होड्या वाटायच्या नव्हत्या, पण प्रत्येकीला आपलं बघायचं होतं. आणि काकी माझ्या कामात अशी शिरली की जणू ते तिनेच काढलं होतं. बंदरावरचं संपल्यावर मी आतल्या गावांत जाणार हे कळताच म्हणाली, "एकटी कशी जाशील? मला रस्ते ठाऊक आहेत. मी माल घेऊन येते."

रानशेतच्या एका पाड्यावर आम्ही गेलो तेव्हाची गोष्ट. नवी लग्न झालेली एक मुलगी खुर्चीत बसली होती आणि मी जे जे विचारावं त्याचं उत्तर तिची सासू देत होती. झोप लागते का? लागते. डोळे चुरचुरतात का? नाही चुरचुरत. काकी बाजूला बोंबील निवडत बसली होती. तिने मान वर केली. "मावशी, डोळा तिचा आहे. तिला विचारतेय ती." मग ती मुलगी म्हणाली की संध्याकाळी ओल्या लाकडांच्या धुराने डोळे फार झोंबतात, पण सांगायचं कोणाला? त्या दिवशी निरोगी म्हणून आम्ही तिला धरलं नाही. पुढच्या आठवड्यात काकी तिला स्वतः रुग्णालयात घेऊन आली. सासूही आली होती.

तलासरीच्या आठवडे बाजारात मात्र काम अडलं. कोणीतरी उठवलं होतं की या बाया डोळ्यातलं पाणी काढून नेतात आणि त्याचं औषध करून विकतात. एक दुकानदार लोकांना मोठमोठ्याने सांगत होता, जाऊ नका, डोळे कायमचे सुकतील. मी त्याच्याशी वाद घालायला निघाले, तर काकीने मला थांबवलं. "दोन पट्ट्या दे इकडे." मी म्हटलं, "काकी, तुमचं झालंय." "माझ्यासाठी नाही. दे."

आणि डोळ्यांत पट्ट्या अडकवून, भर बाजारात, ती आपल्या टोपलीमागे बसून मासळी विकू लागली. दुकानदाराशी गुजरातीत, पाड्यांवरून आलेल्या बायांशी वारलीत, माझ्याशी मराठीत, आणि डोळ्यांतून दोन पांढरे कागद लोंबतायत. "ताजी सुकट घ्या. डोळे गेले तर वजन कोण करणार? घ्या, अजून दिसतंय मला." पोरं जमली, मग बाया जमल्या. हलत बोलत बसल्यामुळे आणि उघड्या वाऱ्यामुळे ती मोजणी काही धरता आली नसती, पण तिला ती धरायचीही नव्हती. पट्ट्या काढून तिने त्या दुकानदाराच्या हातात ठेवल्या. "हे घे. कर औषध." त्याने त्या घेतल्या आणि कुठे ठेवाव्यात ते न कळून तसाच उभा राहिला. त्या दिवशी आम्ही अंधार पडेपर्यंत तलासरीत मोजत होतो.

काही वर्षांनी मॅडमनी ठरवलं की त्याच माणसांचं पुन्हा मोजायचं, वयाबरोबर काय फरक पडतो ते पाहायला. या खेपेला आधी रक्त तपासायचं होतं. काकीला साखर निघाली, चांगलीच वाढलेली. नियमाप्रमाणे ती निरोगीत बसत नव्हती. हे तिला कसं सांगावं या विचारात मी असतानाच तिने माझ्या तोंडाकडे पाहून ओळखलं.

"काढलंस मला?"

"साखर आहे काकी. त्याने अश्रू कमी होऊ शकतात. म्हणून..."

"अजून दोरा ओवता येतो मला सुईत."

"हो, पण नियम आहे."

ती रागावली. मग म्हणाली, "ठीक. मी बसत नाही. पण बसवते." आणि सभागृहाच्या दारात स्टूल टाकून ती येणाऱ्या प्रत्येकीला आत पाठवू लागली. "जा, भिऊ नको. मी होते यात पहिली. आता बाहेर आहे." गोळ्या ती वेळेवर घेत नसे, त्यावरून आमची भांडणं होत. "खाते गं," एवढंच उत्तर मिळे, आणि नजर तीच, सरळ, जणू गोळी न खाणं ही माझीच काहीतरी कमतरता आहे.

गेल्या पावसाळ्याच्या आधी, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायचे दिवस होते. दुपारी जेवून पडली ती उठलीच नाही. मला कमलचा फोन आला. मी पोचले तेव्हा अंगण भरलं होतं. बाया एकमेकींकडे पाहत होत्या, कोणी सुरुवात करायची अशा. कमल तिच्या उशाशी बसली होती. ती उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ज्याला रडायचं त्याने रडा. ज्याला येत नाही त्याने नका रडू. कोणी कोणाच्या तोंडाकडे बघायचं नाही." मी भिंतीशी जागा करून बसले. मला खूप रडू आलं. शेजारच्या बाईला आलं की नाही ते मला माहीत नाही, मी पाहिलं नाही.

पावसाळा सरल्यावर शहरात एका बैठकीत मॅडमनी आणि मी आमचं काम मांडलं. समोर मोठी माणसं होती, त्यांनी आस्थेनेच ऐकलं. शेवटी एकजण म्हणाले की काम चांगलं आहे, पण किनाऱ्यावरच्या बायकांचे आकडे वगळावेत. सतत खारा वारा आणि धूर सोसणाऱ्या डोळ्यांना निरोगी कसं म्हणायचं? त्यांच्या आकड्यांमुळे सगळं विस्कळीत होतंय. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, कारण त्या बायकांपुढे मी बसले होते.

मी उभी राहिले. एरवी अशा ठिकाणी मी टेबलाकडे बघून बोलते. त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत बघून बोलले. म्हटलं, "सर, त्या आजारी नाहीत. वाऱ्यात उभं राहून काम करणं हा आजार नाही. आमच्याकडे निरोगी माणसं अशीच राहतात. त्यांना वगळलं तर उरतील ती माणसं आमच्या तालुक्यात फारशी राहतच नाहीत. मग हे काम कोणाचं म्हणून छापायचं?"

वाद बराच चालला. त्यांनी बारीकसारीक प्रश्न विचारले, काही मुद्दे त्यांचे बरोबरही होते आणि ते आम्ही मान्य केले. पण बायका राहिल्या. सगळ्या, किनाऱ्यावरच्याही, निरोगी म्हणूनच.

दुसऱ्या दिवशी डहाणू रोडला उतरून मी घरी न जाता बंदरावर गेले. कमल सुकत घातलेली मासळी उलटवत होती. काकीची टोपली आता तीच तलासरीला नेते. मी तिला सगळं सांगितलं, बैठक, मोठी माणसं, वगळायचं म्हणत होते ते, आणि शेवटी काय ठरलं ते. ती ऐकत होती, हात चालूच होते.

"म्हणजे आमचे डोळे ठीक आहेत असं ठरलं?"

"हो."

"ते आम्हाला ठाऊक होतं गं," ती म्हणाली. "त्यांना कळलं ना? बस. आता जरा ती कडेची रांग उलटव, मी एकटी किती करू?"

मी बाह्या वर सारल्या आणि वाकले.